डिग्री देणाऱ्यानेच तपासावं, पोरांना नेमकं येतं काय

पदवीच्या सर्टिफिकेटवर काय लिहिलेलं असतं ते एकदा नीट वाचून बघा. नाव, शाखा, वर्ष, श्रेणी, हल्ली सीजीपीए. त्यावरून कळतं का की हा पोरगा किंवा ही पोरगी दोन पानी सरकारी पत्र वाचून त्यात काय म्हटलंय ते आपल्या वडिलांना समजावून सांगू शकेल का, कर्जाच्या दोन ऑफर समोर ठेवल्या तर कोणती महाग पडते ते काढू शकेल का, व्हॉट्सॲपवर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवू शकेल का, आणि जे ठरवलं ते एका पानात कुणालाही कळेल असं लिहू शकेल का? नाही कळत. माझं म्हणणं एवढंच की हे कळलं पाहिजे, ते तपासायची जबाबदारी डिग्री देणाऱ्या विद्यापीठाची आहे, आणि त्या तपासणीचा निकाल पोरांच्या मार्कशीटवर न लागता कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या नावावर लागला पाहिजे.

मी खान्देशात, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारकडे, तालुक्याच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. त्यामुळे हे बाहेर उभं राहून बोलत नाहीये. आमच्याकडे येणारी बरीच पोरं घरातली पहिली ग्रॅज्युएट होणारी असतात, सकाळी शेतात पाणी देऊन एसटीने येतात, परीक्षेच्या महिन्यात कापूस वेचणी असली तर उशिरा येतात. मेहनतीत कुठेच कमी नाहीत. पण तीन वर्षं झाल्यावर बारावीत होती त्यापेक्षा विचार करण्यात, मांडण्यात, पारखण्यात ती किती पुढे गेली हे मला कुणी विचारलं तर माझ्याकडे सांगायला पुरावा नाही. माझ्याकडे त्यांचे मार्क आहेत. ही वेगळी गोष्ट आहे, आणि पुढचं सगळं म्हणणं यावरच आहे.

या ज्या सर्वसाधारण क्षमता म्हणतात त्या कुठल्या एका विषयाच्या नसतात. वाचलेल्याचा अर्थ लावणं, पुरावा पक्का आहे की कच्चा ते ओळखणं, आकडे वापरून निर्णय घेणं, स्वतःचा मुद्दा लिहून आणि बोलून मांडणं, चार लोकांबरोबर मिळून काम पुढे नेणं. बीएला असो, बीकॉमला असो की बीएस्सीला, डिग्री घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हे यावं अशी अपेक्षा असते. विद्यापीठाच्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर ती छापलेली पण असते. चिकित्सक विचार, संवाद कौशल्य, समस्या सोडवणं, सामाजिक भान, सगळं असतं तिथे. पहिल्या पानावर असतं आणि शेवटच्या पेपरात नसतं.

आता पेपर कसा असतो ते सांगतो, कारण ज्यांचं कॉलेज सुटून वीस वर्षं झाली त्यांना वाटतं आता सगळं बदललं असेल. पॅटर्न ठरलेला असतो. युनिट ठरलेली, प्रत्येक युनिटमधून कोणता प्रश्न कसा येतो ते मागच्या चार-पाच वर्षांच्या पेपरवरून कळतं, गाईडवाले तेवढंच छापतात, आणि पोरं परीक्षेच्या आठ दिवस आधी तेवढंच वाचतात. उत्तर तपासताना आम्ही काय बघतो? मुद्दे आलेत का, व्याख्या आहे का, पाच पानं भरलीत का. मॉडरेशनला, म्हणजे तपासलेले पेपर दुसऱ्याने परत बघायला, वेळ नसतो, गठ्ठे असतात. मी कोणाला दोष देत नाही, एवढ्या कॉलेजांच्या परीक्षा वेळेत लावायच्या म्हणजे काम अवाढव्य आहे. पण या पद्धतीत एखादी पोरगी मुद्दे पाठ न करता स्वतःचं डोकं चालवून उत्तर लिहायला गेली तर तिला मार्क कमी पडतात, हे मी बघितलंय आणि माझ्यासारख्या प्रत्येक शिक्षकाने बघितलंय.

मग नॅक येतं, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी राष्ट्रीय परिषद. नॅक १९९४ पासून आहे आणि त्यामुळे कॉलेजांमध्ये बऱ्याच चांगल्या गोष्टी सुरू झाल्या हेही खरं आहे. पण तिथे विचारतात की तुमच्या विद्यार्थ्यांनी अपेक्षित अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून जे यायला हवं ते, गाठल्या का. त्यासाठी आम्ही एक्सेल शीट भरतो. प्रत्येक विषयाच्या निष्पत्तीसमोर पदवीच्या निष्पत्तीचा रकाना, त्यात १, २ किंवा ३ टाकायचं, म्हणजे संबंध कमी, मध्यम की जास्त. मग पोरांचे मार्क टाकले की फॉर्म्युला लागतो आणि आकडा येतो की चिकित्सक विचार ही निष्पत्ती इतकी इतकी गाठली. हा आकडा कशातून आला? त्याच पेपरच्या मार्कातून. म्हणजे पाठांतराचे मार्क एका बाजूने घातले आणि दुसऱ्या बाजूने चिकित्सक विचार म्हणून बाहेर काढले. हे काम करताना प्रामाणिक माणसाला त्रास होतो. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत बसून आम्ही ते भरतो, आणि भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की यातून कुठल्याही एका पोराबद्दल नवीन काहीच कळलेलं नाही.

दुसरीकडे कंपन्यांचे अहवाल येतात दरवर्षी, की भारतातले इतके टक्के ग्रॅज्युएट नोकरीलायक आणि बाकीचे नाहीत, आणि पेपरात मोठ्या अक्षरात हेडिंग येतं. मला त्या मापाबद्दल आक्षेप आहे. ते माप कंपनीच्या गरजेचं असतं, परीक्षा बरेचदा कॉम्प्युटरवर आणि इंग्रजीत असते, आणि ती घेणाऱ्याचा धंदाच पुढे भरतीचा किंवा ट्रेनिंगचा असतो. चोपड्याची, साक्रीची, तळोद्याची पोरगी त्यात मागे पडली तर तिला विचार करता येत नाही असं सिद्ध होतं का? तिला त्या भाषेत त्या स्क्रीनवर तेवढ्या सेकंदात उत्तर देता आलं नाही एवढंच सिद्ध होतं. आणि नोकरी हे शिक्षणाचं एक कारण आहे, सगळं कारण नाही. आपल्याकडचे कितीतरी ग्रॅज्युएट शेती करतात, दुकान चालवतात, दूध डेअरी बघतात, ग्रामपंचायतीत निवडून येतात. त्यांना या क्षमता लागत नाहीत का, उलट जास्त लागतात, कारण त्यांच्यामागे कुठलं ऑफिस नसतं.

स्पर्धा परीक्षांचं नाव कोणी काढेल म्हणून सांगतो. २०२३ च्या तलाठी भरतीत साधारण साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. एवढ्या लोकांमधून गाळायचं म्हटलं की परीक्षा गाळण्यासाठीच बनते. तिच्यातून कोणाला काय येतं हे कळत नाही, कोण वर आणि कोण खाली एवढंच कळतं. युपीएससीने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत सीसॅट नावाचा पेपर आणला तेव्हा हेतू आकलन आणि तर्क तपासायचाच होता, पण भाषेवरून, शाखेवरून एवढा वाद झाला की २०१५ पासून तो पेपर फक्त ३३ टक्क्यांनी पास होण्यापुरता ठेवला. त्यातून एवढं तरी शिकावं की सर्वसाधारण क्षमता तपासायची परीक्षा गाळणीला जोडली की ती क्लासवाल्यांच्या हातात जाते आणि ज्याच्याकडे पैसा आहे, पुण्यात राहायची सोय आहे, तो पुढे निघून जातो.

जगात हे तपासायचे प्रयत्न झालेत, आणि ते आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही म्हणून थोडं सविस्तर सांगतो. अमेरिकेत २००० नंतर एक चाचणी तयार झाली, तिचं नाव कॉलेजिएट लर्निंग असेसमेंट. तिच्यात पाठ केलेलं काहीच विचारत नाहीत. पोराला एक प्रसंग देतात आणि कागदांचा गठ्ठा देतात. त्यातला एक जुना नमुना प्रसिद्ध आहे: तुम्ही एका कंपनीत काम करता, कंपनीला छोटं विमान घ्यायचंय, आणि त्याच मॉडेलच्या विमानाला नुकताच अपघात झालाय. सोबत पेपरमधली बातमी, अपघाताचा सरकारी अहवाल, ऑफिसमधले ईमेल, विमानाच्या कामगिरीचे तक्ते. आता साहेबांना लिहून द्या, घ्यायचं की नाही, आणि का. कुठला कागद किती भरवशाचा, बातमीवरून निष्कर्ष काढता येतो का, तक्त्यातला आकडा प्रश्नाला लागू पडतो का, हे सगळं त्या एका उत्तरात दिसतं. नंतरच्या आवृत्तीत विश्लेषण, लेखनाचा परिणाम आणि भाषेची शुद्धता अशा तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ६ गुण द्यायचे असं ठरवलं गेलं.

याच चाचणीवर एक अभ्यास २०११ मध्ये तिकडे खूप गाजला. २४ संस्थांमधल्या तेवीसशेच्या वर विद्यार्थ्यांना कॉलेजात येताना आणि दोन वर्षांनी अशी दोनदा चाचणी दिली, तर ४५ टक्के पोरांमध्ये म्हणण्यासारखी वाढच दिसली नाही. ज्यांना भरपूर वाचायला आणि भरपूर लिहायला लावलं होतं त्यांच्यात वाढ जास्त होती. या अभ्यासावर टीकाही झाली, पण लक्षात घ्या, एवढ्या मोठ्या फीच्या, एवढ्या मोठ्या लायब्रऱ्यांच्या देशात स्वतःच्या विद्यापीठांबद्दल हे उघड बोलायची तयारी होती.

आपल्या देशाचा आकडा पण आहे. २०२१ मध्ये भारत, चीन, रशिया आणि अमेरिका या चार देशांमधल्या कॉम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या हजारो विद्यार्थ्यांचा अभ्यास छापून आला. भारतातल्या पोरांनी पहिल्या दोन वर्षांत विषयाच्या ज्ञानात प्रगती केली होती. पण चिकित्सक विचारात? चार वर्षांत वाढ नाही. ही इंजिनिअरिंगची पोरं, म्हणजे ज्यांना आपण हुशार म्हणून निवडून पाठवतो ती. मग आमच्या बीए, बीकॉमचं काय असेल याचा अंदाज लावत बसण्यापेक्षा मोजून का बघू नये?

ब्राझीलमध्ये २००४ पासून एनाडे नावाची राष्ट्रीय परीक्षा आहे, तिच्यात विषयाच्या प्रश्नांबरोबर सगळ्या शाखांना सारखा असा सामान्य भाग असतो. तिकडे आधी १९९६ पासून दुसरी परीक्षा होती तेव्हा विद्यार्थी संघटनांनी बहिष्काराची हाक दिली होती, त्यातून शिकून त्यांनी पद्धत बदलली. कोलंबियात साबेर प्रो नावाची परीक्षा पदवीच्या शेवटी सगळ्यांना द्यावी लागते, त्यात वाचन, लेखन, आकड्यांचा तर्क, नागरिक म्हणून समज आणि इंग्रजी असे भाग आहेत, आणि त्यांच्याकडे शाळा संपताना पण तशीच परीक्षा असल्याने दोन्ही जोडून बघता येतं की कॉलेजने भर किती घातली. हे देश आपल्यापेक्षा फार श्रीमंत नाहीत, त्यांच्याकडे पण दूरच्या भागातली गरीब पोरं आहेत. म्हणून त्यांचं उदाहरण मला अमेरिकेपेक्षा जवळचं वाटतं.

एक प्रयत्न फसला तोही सांगायला हवा. श्रीमंत देशांच्या ओईसीडी संघटनेने सगळ्या जगासाठी एकच चाचणी करायचं ठरवलं. २०१२ पर्यंत १७ देशांत सुमारे २३ हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला आणि नंतर मुख्य चाचणी झालीच नाही. मोठ्या विद्यापीठांना भीती होती की यातून अजून एक रँकिंग निघेल, आणि वेगवेगळ्या भाषेतल्या, वेगवेगळ्या समाजातल्या पोरांना एकच प्रसंग देऊन तुलना करता येते का हाही प्रश्न होताच. मला तो आक्षेप पटतो. विमान घ्यायचं की नाही हा प्रसंग धडगावच्या पोराला दिला तर त्याची विचारशक्ती कमी आणि विमानाची ओळख जास्त मोजली जाईल.

म्हणून आपली चाचणी आपल्या मातीतली पाहिजे. नमुना सांगतो. रावेर-यावल पट्ट्यात केळीचा हवामान आधारित फळपीक विमा सगळ्यांना माहिती आहे. त्यात नुकसान डोळ्यांनी बघून पैसे ठरत नाहीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने काय तापमान नोंदवलं त्यावर ठरतात, आणि सलग किती दिवस तापमान किती खाली किंवा वर गेलं की भरपाई लागू होते ते अधिसूचनेत लिहिलेलं असतं. आता समजा विद्यार्थ्याला सहा कागद दिले. अधिसूचनेतला उतारा, मंडळाच्या केंद्राच्या पंधरा दिवसांच्या नोंदी ज्यात एका दिवसाची नोंद गायब आहे, थंडीने केळी करपली अशी पेपरमधली बातमी ज्यातलं तापमान दुसऱ्याच गावचं आहे, शेतकऱ्याचा अर्ज, दावा नामंजूर केल्याचं विमा कंपनीचं पत्र, आणि सगळ्यांना पैसे मिळणार असं सांगणारा एक व्हॉट्सॲप मेसेज. दीड तास वेळ. काम एकच: या शेतकऱ्याला एका पानात सांगा, त्याचा दावा बसतो का, कशामुळे बसतो किंवा बसत नाही, आणि त्याने पुढे कोणाकडे काय मागावं.

या एका पानात काय काय दिसेल विचार करा. सलग दिवस नीट मोजलेत का. गायब नोंद लक्षात आली का, आणि आली तर ती कंपनीच्या बाजूने धरली, शेतकऱ्याच्या बाजूने धरली की तिची माहिती मागा असं सुचवलं. बातमीतलं तापमान या मंडळाचं नाही हे कळलं का. मेसेज बाजूला ठेवला का. आणि शेवटी जे लिहिलं ते आठवी शिकलेल्या शेतकऱ्याला वाचून कळेल का, की अधिसूचनेतलीच वाक्यं उचलून ठेवलीत. यासाठी गाईड छापता येणार नाही. पुढच्या वर्षी प्रसंग बदलेल. कापसाचा येईल: सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, १२ च्या वर गेला की खरेदीच नाही, व्यापारी आज रोख द्यायला तयार आहे पण हमीभावापेक्षा कमी देतोय, सुकवायला चार दिवस लागतील, २०२४-२५ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, सांगा काय करायचं. किंवा वनहक्क दाव्याचा येईल, किंवा गावच्या पाणीपुरवठ्याच्या दोन अंदाजपत्रकांचा. बीएस्सीवाला असो की बीएवाला, प्रसंग तोच, कारण इथे विषयाचं ज्ञान तपासायचं नाहीये.

भाषेचं थोडं थांबून सांगतो, कारण खान्देशात हा मुद्दा सोडून कुठलंच मोजमाप खरं होणार नाही. आमच्या पोरांच्या घरात अहिराणी आहे, लेवा बोली आहे, गुजरी आहे, सातपुड्याच्या बाजूला भिली, पावरी आहे. वर्गात मराठी प्रमाण आणि पुस्तकात अर्धी इंग्रजी. एक पोरगा मला म्हणाला होता, सर, माले सांगता येस, पण लिखता येत नही. आणि खरंच, त्याच्या मामाच्या दुकानाचा उधारीचा व्यवहार त्याने तोंडी असा उलगडून सांगितला की माझ्या दुसऱ्या पोरांना बॅलन्स शीट शिकवायला मी तेच उदाहरण घेतो. पेपरात तो कसाबसा पास. चाचणी फक्त लेखी आणि फक्त प्रमाण मराठीत ठेवली तर या पोराच्या डोक्याचं माप कधीच येणार नाही. म्हणून एक भाग तोंडी हवा, ज्यात पोराने आपल्या बोलीत उत्तर दिलं तर चालेल आणि ऐकणारा ती बोली समजणारा असेल. लेखी भागात व्याकरणाचे गुण वेगळे ठेवा आणि विचाराचे वेगळे, एकाची शिक्षा दुसऱ्याला नको. लिहिता येणं महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाहीये, तीन वर्षांत लिहायला शिकवणं हे तर आमचं कामच आहे. पण काय कमी आहे ते आधी नेमकं कळू दे, विचार कमी आहे की भाषा, दोन्हीवरचा उपाय वेगळा आहे.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. चाचणी दोनदा झाली पाहिजे, पहिल्या वर्षी आल्या आल्या आणि शेवटच्या सेमिस्टरला. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याचं साक्षरतेचं प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास होतं, राज्यात सगळ्यात कमी, आणि लोकसंख्येत आदिवासी ६९ टक्क्यांच्या वर. तिथल्या आश्रमशाळेतून आलेल्या पोरांचं कॉलेज आणि जळगाव शहरातलं जुनं नावाजलेलं कॉलेज यांची फक्त शेवटची बेरीज बघितली तर निकाल आधीच ठरलेला आहे. केळीचा घड बघून शेतकऱ्याची मेहनत ठरवायची तर जमीन कशी होती आणि पाणी किती होतं हेही विचारावं लागतं ना. कुठून उचललं आणि कुठे आणून सोडलं, हे मोजा. मला पक्की खात्री आहे की असं मोजलं तर अक्राणी, अक्कलकुव्याकडची, पारोळा, बोदवडकडची काही छोटी कॉलेजं वर दिसतील आणि ज्यांच्याकडे ९० टक्केवाली पोरं आपोआप येतात त्या काही कॉलेजांना विचार करावा लागेल की आपण यात भर काय घातली.

निकाल कोणाच्या नावावर, यावर मी आग्रही आहे. पोराच्या मार्कशीटवर हा आकडा जाऊ नये. गेला की दुसऱ्याच वर्षी क्लास निघतील, तिसऱ्या वर्षी कंपन्या तो आकडा मागतील, आणि ज्या पोराला आपण तीन वर्षं नीट शिकवलं नाही त्याच्याच कपाळावर आपण शिक्का मारू. आमची चूक त्याच्या नावावर का? ब्राझीलमध्ये परीक्षेला बसलं नाही तर पदवी अडते, पण स्वतःचे गुण फक्त त्या विद्यार्थ्याला कळतात, जाहीर होतो तो अभ्यासक्रमाचा आणि संस्थेचा निकाल. हे बरोबर आहे. पोराला सविस्तर पत्र द्या, तुझं वाचन इथे चांगलं आहे, पुरावा पारखताना इथे घाई झाली, असं. ते त्याच्या कामाचं आहे.

लोक म्हणतील, मार्क नाहीत तर पोरं मनापासून लिहिणारच नाहीत. ही अडचण खरी आहे, जगभर आली आहे. कोरा पेपर ठेवून उठणारे असतीलच. पण माझा अनुभव असा की आपल्या पोरांना प्रसंग ओळखीचा वाटला, आपल्या गावचा वाटला, की ती रमतात. वर्गात हमीभावाचं उदाहरण घेतलं की मागच्या बाकावरचा पण बोलतो. आणि नवीन शैक्षणिक धोरणात क्षमता वाढीचे, कौशल्याचे, समाजसहभागाचे क्रेडिट आहेतच, त्यातलं एखादं क्रेडिट चाचणीला बसून प्रामाणिक प्रयत्न केल्याबद्दल द्यावं, किती गुण पडले त्यावर नाही.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्यांची चाचणी घ्यायची गरजच नाही. प्रत्येक कॉलेजातून चिठ्ठ्या टाकून पन्नास-साठ पोरं घ्या, त्याच पोरांना शेवटच्या वर्षी परत बोलवा. मधे कॉलेज सोडलेल्यांची पण नोंद ठेवा, नाहीतर कच्ची पोरं गळाली की कॉलेजचा आकडा आपोआप सुधारलेला दिसेल. पेपर दोन जणांनी स्वतंत्र तपासावे, आणि जळगावचे पेपर धुळ्याला, धुळ्याचे नंदुरबारला असे फिरवावे. बहुपर्यायी प्रश्न आणि गोल काळे करून मशीनने तपासायची ओएमआर उत्तरपत्रिका वापरून स्वस्तात उरकायचा मोह होईल, तो टाळला पाहिजे, कारण चार पर्यायातून एक निवडणं आणि कोऱ्या पानावर स्वतःचं मत उभं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. कुठल्या खाजगी एजन्सीला कंत्राट देण्याची पण गरज नाही. प्रसंग तयार करायला आपल्याकडे शिक्षक आहेत, कृषी विभागातले, सहकारी बँकांमधले, वकिलीतले माजी विद्यार्थी आहेत.

शिक्षकांमधून विरोध येईल तो मला ऐकू येतोय, कारण तो माझ्याच मित्रांचा असेल. म्हणतील आधीच कागद किती, त्यात अजून एक. आणि निकाल वाईट लागला की खापर आमच्यावर. मी त्यांना एवढंच सांगेन की आज खापर आपल्यावरच आहे, फक्त पुरावा नसताना आहे. जागा रिकाम्या, एका विभागात एक परमनंट आणि बाकी तासिका तत्त्वावर, त्या तासिकावाल्याला वर्षातले काही महिनेच पगार, आणि तोही वेळेवर नाही, एका वर्गात शंभर पोरं. अशा वर्गात प्रत्येकाकडून दर आठवड्याला एक पान लिहून घेऊन तपासून देणं शक्य नाही, आणि लिहून घेतल्याशिवाय लिहिता येत नाही. हे आपण वर्षानुवर्षं मोर्चात सांगतो. उद्या जर आकड्यात दिसलं की जिथे शिक्षक पूर्ण आहेत तिथे पोरं तीन वर्षांत एवढी पुढे गेली आणि जिथे निम्म्या जागा रिकाम्या आहेत तिथे होती तिथेच राहिली, तर सरकारसमोर ठेवायला यापेक्षा भक्कम कागद कुठला? आणि जर उलटं दिसलं, म्हणजे शिक्षक पूर्ण असून वाढ नाही, तर तेही आपल्याला कळलं पाहिजे. पोरांच्या आयुष्यातली तीन-चार वर्षं आपण घेतो, पालक भाड्याच्या, मेसच्या पैशासाठी दागिना गहाण ठेवतात, त्यांना हे विचारायचा हक्क आहे.

आपलं विद्यापीठ, म्हणजे जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, १५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठापासून वेगळं झालं ते कशासाठी? जळगाव-धुळ्याच्या पोरांच्या गरजा इथे बसून बघता याव्यात म्हणून, नंदुरबार तर तेव्हा वेगळा जिल्हा पण नव्हता. तीनच जिल्हे, आटोपशीर विद्यापीठ आहे, मुंबई-पुण्यासारखा पसारा नाही. राज्यात कुणी सुरू करायचं म्हटलं तर इथे सोपं आहे. दिल्लीहून काही येईल म्हणून वाट बघितली तर परत एकच इंग्रजी पोर्टल येईल आणि आम्ही परत एक्सेल भरत बसू.

त्यामुळे मागणी साधी आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात परीक्षा व मूल्यमापन मंडळ आहे, विद्यापरिषद आहे, त्यांनी ठराव करून येत्या जूनपासून प्रत्येक जिल्ह्यातली चार कॉलेजं घ्यावीत, त्यात एक तरी सातपुड्याच्या पायथ्याचं, एक तरी मुलींचं. पहिल्या वर्षाच्या पोरांची चाचणी दिवाळीच्या आत व्हावी. प्रसंग वापरून झाले की ते सगळ्यांसाठी खुले करावेत म्हणजे बाकीच्या कॉलेजांना वर्गात वापरता येतील. तीन वर्षांनी तीच पोरं परत बसली की कॉलेजनिहाय वाढीचा आकडा, शिक्षकांच्या भरलेल्या आणि रिकाम्या जागांच्या आकड्याला लागून, एकाच पानावर विद्यापीठाच्या अधिसभेसमोर (सिनेटसमोर) यावा. आणि त्या बैठकीत त्याच एका पानावर पूर्ण दिवस चर्चा व्हावी.